स्क्रॅपबुक करताय? आधी लिखाणाची जागा, मग फोटो

अमेरिकेतल्या युटा राज्यात स्क्रॅपबुक म्हणजे मुलांचा मे महिन्याच्या सुट्टीतला उद्योग नव्हे. इथे मोठी माणसं, त्यातही बायका, शनिवारभर एका टेबलाभोवती बसून पानं करतात. त्या बैठकीला ‘क्रॉप’ म्हणतात. या नादाचं मूळ इथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या समाजाच्या सवयीत आहे: रोजनिशी लिहायची आणि वंशावळ सांभाळायची. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत कौटुंबिक नोंदींची जागतिक परिषद भरली, तिथे मॅरिलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या घरच्या आठवणींचे पन्नास खंड मांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी नवऱ्याबरोबर स्पॅनिश फोर्क गावात याच सामानाचं दुकान काढलं. आजच्या स्क्रॅपबुकिंगची सुरुवात साधारण तिथून धरतात.

फोटोशेजारी लिहायच्या मजकुराला इथे ‘जर्नलिंग’ म्हणतात. दुकानात कागद, रिबिनी, स्टिकर यांनी भिंतीच्या भिंती भरलेल्या असतात. मजकूर मात्र विकत मिळत नाही. म्हणून नवखी पानं दिसायला झकास आणि बोलायला मुकी असतात. आधी फोटो, मग सजावट, आणि उरलेल्या दोन बोटं जागेत ‘फर्स्ट स्नो! खूप धमाल!’ असा क्रम असतो. तो उलटा करा.

बर्फ पडलाय आणि लोक हसतायत, हे फोटोत दिसतंच. जे दिसत नाही ते लिहायचं. उदाहरणार्थ: ‘आजी तीन महिन्यांसाठी आली होती. साडीवर स्वेटर, त्यावर बाबांचं जाकीट, पायात मुलाचे बूट. बाहेर उणे सहा. पहिलं वाक्य: “अगं, याचा आवाज कसा येत नाही?” पावसाची सवय ना! दहा मिनिटांत आत, मग आल्याचा चहा.’ तीसेक शब्द झाले, पण आजीचा स्वर पानावर आला. माणसाचं एक वाक्य जसंच्या तसं टिपायचं, ही जर्नलिंगची सगळ्यात कामाची युक्ती. ते महिन्याभरात विसरायला होतं, म्हणून त्याच दिवशी फोनमध्ये नोंदवून ठेवावं.

तारखेचा घोळ परदेशात हमखास होतो. ०४/०७ म्हणजे अमेरिकेत ७ एप्रिल आणि आपल्याकडे ४ जुलै. महिना अक्षरांत लिहा, वर्ष चार आकडी. नात्यांचंही तेच. इथल्या मुलांना शेजारचे, ऑफिसातले, मंडळातले सगळेच काका. एका गणपतीच्या फोटोत सात काका असतात, त्यातला सख्खा एकच, आणि वीस वर्षांनी तो कोणता हे सांगायला कुणी नसतं. म्हणून पूर्ण नाव, नातं आणि ते कुणाशी, तिन्ही लिहावं: ‘बाबांचे धाकटे भाऊ’, ‘आईची नागपूरची मैत्रीण’. डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार.

जागेचा हिशेब असा. प्रचलित पान १२ बाय १२ इंचांचं. समोरासमोरच्या दोन पानांत निदान एक ४ बाय ६ इंचांची जागा मजकुरासाठी राखा. इथल्या दुकानातली रेघांची कार्डं इंग्रजीच्या बेताने आखलेली असतात आणि देवनागरीला ती अपुरी पडतात. वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्याने सहा मिलिमीटरच्या ओळींत वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या अनुस्वारावर चढतो. आपल्याला ९ मिलिमीटर हवेत. त्या हिशेबाने आडव्या ४ बाय ६ कार्डावर नऊ ओळी, म्हणजे ५५-६० शब्द बसतात. कप्प्यांच्या अल्बममधल्या ३ बाय ४ च्या कार्डावर सात ओळी, पंचवीसेक शब्द. कच्चा मजकूर आधी साध्या कागदावर त्याच मापात लिहून बघावा.

थेट पानावर लिहू नका. गुळगुळीत पांढऱ्या कार्डावर लिहून ते चिकटवा. चूक झाली तर कार्ड जातं, अख्खं पान नाही. शिवाय खडबडीत कार्डस्टॉकवर (पानाच्या जाड कागदावर) बारीक पेनाचं टोक तंतूंत अडकून चपटं होतं. पेन पिगमेंट शाईचं, म्हणजे रंगाच्या बारीक कणांच्या शाईचं घ्या. पिग्मा मायक्रॉन दोन्ही देशांत मिळतं: ०३ नंबरची रेघ ०.३५ मिलिमीटर, ०५ ची ०.४५. लहान अक्षरात जोडाक्षरं भरून जातात, म्हणून मराठीला ०३ बरं. साध्या बॉलपेनची डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उजेडात उडते. जाड परमनंट मार्कर कागदातून मागे उतरतो. ओळींसाठी आखलेल्या पेन्सिलच्या रेघा खोडण्याआधी पंधरा मिनिटं थांबा आणि रबर हलक्या हाताने चालवा, जोर लावला तर शाईही फिकी होते.

मजकूर खाजगी असेल तर फोटोमागे खिसा करून त्यात टॅग सरकवा. खिशाच्या तीनच कडा चिकटवायच्या, आणि टॅग खिशाहून पाव इंच अरुंद ठेवायचा, नाहीतर तो ओढताना फाटतो.

कागद, गोंद, टेप यांवर ‘ॲसिड-फ्री’ आणि कागदावर ‘लिग्निन-फ्री’ लिहिलेलं बघून घ्या. लिग्निन हा लाकडातला घटक; तो आणि आम्ल यांमुळे वर्तमानपत्राचं कात्रण पिवळं पडून ठिसूळ होतं. मूळ कात्रणाऐवजी त्याची चांगल्या कागदावर प्रत लावा. बिलं आणि बरेचसे बोर्डिंग पास थर्मल कागदावर असतात, त्यांची अक्षरं उडतात, तेव्हा त्यांचीही प्रतच. हळद-कुंकू लावलेली लग्नपत्रिका वेगळ्या पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावी; तिचा रंग शेजारच्या फोटोला लागतो. पीव्हीसीची पाकिटं नकोत.

मराठीत लिहायचं की इंग्रजीत? मराठीतच, आणि हातानेच. अक्षर कुणाचं आहे, हीसुद्धा आठवणच. पण इथे वाढलेल्या मुलांना देवनागरी वाचता येईलच असं नाही, म्हणून कार्डाच्या मागे इंग्रजीत दोन ओळींचा सारांश द्या.

आता घरच्या कपाटातले ऐंशी-नव्वदच्या दशकातले अल्बम. चिकट पानं आणि वर पारदर्शक कागद असलेले लग्नाचे अल्बम आपल्याकडेही घरोघरी होते. त्या पानांचा गोंद फोटोला पिवळा करतो आणि पुढे पुढे सोडतच नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा आधी प्रत्येक पानाचा आहे तसा फोटो घ्या. मग मेण न लावलेला दातांचा फ्लॉस फोटोमागे घालून, करवतीसारखा मागे-पुढे करत हळू सरकवा. हेअर ड्रायर टाळा, उष्णतेने फोटोचा थर सुटतो. निघालाच नाही तर ओढू नका, स्कॅन करा. सुटलेल्या फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलने, दाब न देता नावं लिहा. चकचकीत फोटोंच्या प्लॅस्टिकच्या पाठीवर पेन्सिल उठत नाही. तिथे नावं पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी. आणि हे करताना आई-बाबांना शेजारी बसवा: मागच्या रांगेत, खांबाआड अर्धा चेहरा दिसणारे गृहस्थ कोण, हे फक्त त्यांनाच माहीत असतं.