लाँग्ज पीक एका दिवसात होईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. अमेरिकेत डेन्व्हरला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या कुणा ना कुणा ट्रेकरचा निरोप येतोच: "ऑगस्टमध्ये येतोय. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय. लाँग्ज पीक एका दिवसात होईल ना?"

होतो. पण ज्याने नळीची वाट, म्हणजे हरिश्चंद्रगडाची ती उभ्या नाळेतली चढण, केली आहे त्याला मी वाटेबद्दल कमी सांगते आणि घड्याळाबद्दल जास्त.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधलं हे शिखर 4,346 मीटर उंच आहे. नेहमीची वाट कीहोल नावाच्या खिंडीतून जाणारी. जाऊन-येऊन साधारण 24 किलोमीटर आणि चढाई सुमारे 1,500 मीटर. एवढी चढाई सह्याद्रीत तयार झालेले पाय करतात. प्रश्न श्वासाचा आहे. गाडी लावतो तो वाहनतळच 2,865 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बाराशे मीटर वर. माथ्यावर पोचाल तेव्हा समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळत असतो.

आता घड्याळ. उन्हाळ्यात इथे सकाळ निरभ्र असते आणि दुपारी ढग चढतात, विजा पडतात. साधारण 3,350 मीटरच्या वर झाडं संपतात. पुढे सगळा उघडा माळ आणि कातळ, त्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण. म्हणून मी बारा-साडेबारापासून मागे मोजत येते. तेव्हा परत झाडीत शिरायचं, तर साडेदहाला कीहोलला परत यायला हवं, त्यासाठी नवाच्या आत माथा सोडायला हवा, त्यासाठी साडेसहाला जाताना कीहोल ओलांडायला हवं. म्हणजे पायथ्याहून रात्री दोनला निघायचं, आणि आदल्या दिवशी सात वाजता झोपायचं.

कीहोल म्हणजे धारेतली खिंड, मोठ्या दगडी जबड्यासारखी. तिच्या आधी बोल्डरफील्ड, खोलीएवढाल्या धोंड्यांचं पठार. तिथवर लांब पण साधी चाल आहे. खिंडीतून पलीकडे पाऊल टाकलं की डोंगर बदलतो. पश्चिमेची बाजू सकाळी सावलीत असते, वारा थेट अंगावर येतो, कातळावर कधी कधी बर्फाचा पातळ थर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. वाट पिवळ्या-लाल गोलांनी दाखवलेली आहे, आपल्याकडे बाण रंगवतात तशी. आधी लेजेस, म्हणजे कातळातले अरुंद कंगोरे, मग ट्रफ, म्हणजे घसाऱ्याने भरलेली उभी नाळ. तिच्या डोक्यावर एक अडकलेला धोंडा आहे, माझ्या मते सगळ्या वाटेतली अवघड जागा तीच. मग नॅरोज, डोंगराच्या उघड्या अंगावरून जाणारा अरुंद पट्टा, तिथे दृष्टिभय चांगलंच जाणवतं. शेवटी होमस्ट्रेच, गुळगुळीत कातळाची तिरकी लादी. कोरडी असेल तर बूट छान धरतात. पावसाचे चार थेंब पडले की तीच लादी उतरणं धोक्याचं होतं, आणि उतरायला दुसरी सोपी वाट नाही. खिंडीपासून माथा फक्त दोन किलोमीटर आहे, पण त्याला दोन तास धरा.

खिंडीशेजारी अनेक वर्षं एक दगडी झोपडी होती. 1925 च्या जानेवारीत अ‍ॅग्नेस व्हेल ही गिर्यारोहक पूर्वेचा कडा चढून माथ्यावर पोचली आणि उतरताना थंडीने गेली. झोपडी तिच्या नावाची होती. मी प्रत्येक वेळी तिथे दोन मिनिटं थांबते. माथा गाठलेली बाई होती ती.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा मावसभाऊ बरोबर होता. दर रविवारी सिंहगड करणारा, माझ्यापेक्षा कितीतरी तयार. गुरुवारी रात्री उतरला आणि शनिवारी पहाटे आम्ही डोंगरात. हा बेत मी आखला होता आणि तो चुकीचा होता. बोल्डरफील्डला त्याचं डोकं दुखायला लागलं. दशमी पुढे केली तर त्याने मान फिरवली. खिंडीत त्याने हातमोजा काढला आणि जॅकेटची चेन लावायला लागला. दोनदा, तीनदा, चारदा. चेनचं टोक त्याला सापडतच नव्हतं. त्याला उंची लागली होती. आभाळ स्वच्छ होतं, सात वाजले होते, माथा दोन किलोमीटरवर. मी त्याची चेन लावून दिली आणि म्हटलं, "चल, खाली जाऊ." तो रागावला, तासभर बोलला नाही. झाडी लागल्यावर डोकं हलकं झालं, तेव्हा स्वतःहून दशमी मागून घेतली.

म्हणून माझी कळकळीची विनंती: येणार असाल तर आधीचे किमान चार-पाच दिवस उंचीवर काढा. पायथ्याजवळच्या एस्टेस पार्क गावात राहा, साडेतीन हजार मीटरपर्यंत छोटे ट्रेक करा, उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. मध्य जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा, तरी आदल्या दिवशी रेंजरकडून वाटेची स्थिती विचाराच. तीन-चार लिटर पाणी, हेडलॅम्प आणि जादा सेल, हातमोजे, वारा अडवणारं जॅकेट, आणि भूक नसतानाही तोंडात टाकता येईल असं काही. मी चिक्की नेते.

आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. हवा बिघडली तर थांबायला दोन दिवस हाताशी असू देत. विमान उद्याचं असलं की माणूस ढगांकडे बघूनही पुढे जातो.