पुन्हा ४ जीच, पण आधी तरंगणं

कसरती विमानातली वीस मिनिटांची फेरी. टेकऑफ, ढग, उतरणं, सगळं छान. लिहायचंय ते दोन लूपांमधल्या (विमानाने हवेत मारलेल्या उभ्या गोल फेऱ्यांमधल्या) फरकाबद्दल.

पहिला लूप साधा. मीटरवर ४ जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या चौपट जोर: सत्तर किलोचा माणूस सीटवर २८० किलोंनी बसतो. पाच किलोचं डोकं वीस किलोचं होतं. मान खाली असेल तर खालीच राहते, म्हणून डोकं आधीच सीटला टेकवायचं. नजर स्वच्छ होती. दुसऱ्या वेळी पायलटने आधी स्टिक पुढे ढकलली, पट्ट्यांत शरीर तरंगलं, आणि तिथूनच तडक खेचलं. पुन्हा ४ जीच, पण या खेपेला हिरव्याचं करडं झालं आणि नजर कडांकडून आवळत नळीएवढी उरली.

डोळे हृदयाच्या साधारण ३० सेंमी वर. दर जीमागे तिथला रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटरने उतरतो. डोळ्याच्या आत स्वतःचाही दाब असतो, त्यामुळे मेंदूच्या आधी डोळ्याच्या पडद्याचं रक्त तुटतं. करडं दिसणं हा इशारा, पण तो जी सावकाश चढला तरच मिळतो. मेंदूकडे चार-पाच सेकंदांचाच ऑक्सिजन शिल्लक असतो. जी झटक्यात येऊन टिकला, तर करडं न दिसताच थेट शुद्ध जाते.

तरंगताना रक्त डोक्याकडे सरकतं. मानेतल्या धमन्यांना वाटतं दाब वाढला. त्या हृदय मंद करतात, रक्तवाहिन्या सैल सोडतात. हे उलटायला सहा ते दहा सेकंद लागतात. खेचणं त्याआधीच आलं, ब्रेकवर पाय असतानाच घाट लागावा तसं.

उपाय जी येण्याआधी सुरू करायचा: पोटऱ्या, मांड्या, नितंब आवळा, मग पोट. छाती भरून श्वास घ्या, घसा बंद करून ओझं उचलल्यासारखा जोर लावा. दर तीन सेकंदांनी श्वास बदला, तोही सेकंदाच्या आत. चुका ठरलेल्या: सगळी हवा सोडून देणं (छातीतला दाब पडतो आणि दिवे जातात), किंवा गाल फुगवून चेहरा लाल करणं, ज्याचा काडीचा उपयोग नाही. जी-सूट (पाय आणि पोट आवळणारा पोशाख) सहनशक्तीत जेमतेम एक-दीड जीची भर घालतो, अंग सैल सोडून बसणाऱ्याला तोही पुरत नाही.

फेरीआधी फॉर्मवर सही कुठे करायची ते तीनदा दाखवलं. यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नाही. उलटीच्या भीतीने लोक उपाशीपोटी, पाणी न पिता बसतात. रक्ताचं प्रमाण घटलं की सहनशक्ती आणखी खाली येते. हलकं खा, पाणी प्या.

आणि जी चालू असताना मान वळवून पंखाकडे बघू नका, कानातल्या तोलाच्या नळ्या गोंधळतात. मी बघितलं. पिशवी कामी आली.