तासाला सत्तावीस रुपये

माझी भाचेसून दोन वर्षांच्या मुलाला घेऊन बडोद्यातल्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर घरी असते. गेल्या उन्हाळ्यात तिने मला विचारले, "मामी, मोबाईलवर सर्व्हे भरले की पैसे मिळतात म्हणतात, ते खरे असते का हो?" मी सारी नोकरी एका पतपेढीत हिशेब लिहिण्यात घालवलेली बाई असल्यामुळे या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणे मला प्रशस्त वाटेना. मी शंभर पानी वही आणली, रकाने आखले आणि जून ते नोव्हेंबर असे सहा महिने स्वतःच हा उद्योग करून पाहिला. वहीत तारीख, सर्व्हेचे निमंत्रण किती वाजता उघडले, किती वाजता संपले किंवा हाकलून दिले, किती पॉइंट मिळाले आणि त्यांतले किती प्रत्यक्ष हाती आले, एवढेच लिहिले.

आधी आकडे सांगते. सहा महिन्यांत मी २१२ निमंत्रणे उघडली. त्यांतल्या ६८ प्रश्नावल्या मला शेवटपर्यंत भरू दिल्या. १४४ वेळा मध्येच "क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही" असे वाक्य आले. पूर्ण झालेल्या प्रश्नावल्यांना मिळून सुमारे पंचवीस तास लागले आणि त्यांचे पॉइंट रुपयांत मोजले तर १,३६० रुपये भरतात, म्हणजे तासाला चौपन्न रुपये. हा दर ऐकून भाचेसुनेला हुरूप आला. परंतु नाकारल्या गेलेल्या १४४ खेपांतही दर वेळी सरासरी सात मिनिटे गेलीच होती, आणि त्यांचे सतरा तास होतात. शिवाय १,३६० पैकी २१० रुपये दोन संस्थळांवर अडकून पडले, कारण तिथे पाचशेच्या आत रक्कम काढता येत नाही. बेचाळीस तासांना हाती पडले १,१५० रुपये, तेही बहुतांश व्हाउचरच्या रूपात. तासाला सत्तावीस रुपये. आमच्या गल्लीत साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या बेन (गुजरातीत ताई) एका साडीचे याहून अधिक घेतात आणि त्यांना कोणी अर्ध्या साडीवरून परत पाठवत नाही.

हे हाकलून देणे सुरुवातीला माझ्या फार जिव्हारी लागे. नंतर त्यामागचे कारण कळले, तेव्हा राग ओसरला, पण मत बदलले नाही. एखाद्या शाम्पू विकणाऱ्या कंपनीला चारशे बायकांचे म्हणणे हवे असते. त्यांतल्या इतक्या पंचविशीतल्या, इतक्या पन्नाशीच्या, इतक्या मोठ्या शहरांतल्या, आणि इतक्या विशिष्ट शाम्पू वापरणाऱ्या. ही यादी संशोधन संस्थेकडे जाते, ती पॅनलवाल्यांकडून, म्हणजे सर्व्हे भरणाऱ्यांची यादी बाळगणाऱ्या संस्थळांकडून, माणसे घेते, आणि पॅनलवाले गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोकांना निमंत्रण धाडतात, कारण उत्तर कोण देईल याचा भरवसा नसतो. अशा एकेका गटाचा, म्हणजे खणाचा, कोटा भरला की उरलेल्यांना दारातूनच परत फिरवतात. म्हणजे तिथे तुमच्या वेळेला भाव नसतो; रिकाम्या राहिलेल्या खणात तुम्ही बसता की नाही, एवढ्यालाच भाव असतो. आणि तो खण कोणता, हे तुम्हाला कधीच सांगत नाहीत.

खण ठरवण्याची रीतही मोठी पाहण्यासारखी आहे. दर प्रश्नावलीच्या आरंभी "तुमच्या घरी पुढीलपैकी काय काय आहे?" असे विचारून अकरा वस्तूंची यादी का देतात, हे कोडे मला बरेच दिवस उलगडेना. वीज, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुण्याचे मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. ही यादी बाजार संशोधनवाल्यांनी २०११ साली स्वीकारलेल्या वर्गवारीतली आहे. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण आणि या अकरांपैकी किती वस्तू घरात आहेत, एवढ्यावरून कुटुंबाला 'ए१' पासून 'ई३' पर्यंतच्या बारा पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. १९८८ पासून चालत आलेल्या जुन्या वर्गवारीत शिक्षण आणि व्यवसाय पाहत असत. आमच्याकडे एसी नाही, मोटार नाही आणि यजमानांनी शेतजमीन केव्हाच भावांना लिहून दिली. त्यामुळे महागड्या वस्तूंच्या सर्वेक्षणांतून माझी पाठवणी तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच होत असे, असा माझा तर्क आहे. त्यात आमची आणखी एक गंमत. राज्य गुजरात आणि मातृभाषा मराठी असे भरले की पुढची प्रश्नावली गुजरातीत उघडे, आणि न्याहारीच्या प्रश्नात फाफडा, खाखरा, ढोकळा असे सगळे असे, पण पोहे 'इतर'मध्ये जात. सकाळी सेव-उसळ खाणाऱ्या बडोदेकर मराठी माणसाला कोणत्या खणात बसवायचे हे त्या कारकुनांना ठाऊक नसावे.

यापुढचा भाग मला अधिक खटकला. प्रारंभीच विचारतात की आपल्या घरात कोणी जाहिरात, बाजार संशोधन किंवा माध्यमे यांत काम करते का. हा प्रश्न रास्त आहे, कारण जाणकार माणूस बाजूला ठेवायचा असतो. माझा धाकटा मुलगा एका जाहिरात संस्थेत आहे आणि त्या वेळी तो घरूनच काम करत होता, म्हणून मी प्रामाणिकपणे 'होय' असे उत्तर दिले; पुढच्याच क्षणी बाहेर. असे सहा वेळा झाल्यावर सातव्या वेळी माझे बोट आपोआप 'नाही'कडे वळू लागले. मी ते आवरले, पण वहीत त्या दिवशी एक ओळ लिहिली: खरे बोलणाऱ्याला सात मिनिटांचा तोटा, खोटे बोलणाऱ्याला वीस रुपयांचा नफा. ज्या व्यवहारात विकला जाणारा माल म्हणजेच माणसाचे खरे उत्तर, त्याच व्यवहाराची घडण अशी असावी हे मला अजूनही विचित्र वाटते. आळशी किंवा लबाड उत्तरे पकडायला त्यांनी सापळे लावलेले असतात हे खरे. "या ओळीत 'पूर्णपणे असहमत' निवडा" अशी ओळ मध्येच पेरतात, फार भराभर भरणाऱ्यांची उत्तरे बाद करतात, सगळीकडे एकाच रकान्यावर खुणा करणाऱ्यांना वगळतात. परंतु दाराशीच सांगितलेले खोटे या सापळ्यांत सापडत नाही.

बडोद्याच्या माणसाने या धंद्याला नाके मुरडावीत हे तसे शोभत नाही, कारण देशातल्या बाजार संशोधनाच्या आरंभीच्या संस्थांपैकी एक, ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप, विक्रम साराभाई यांनी १९६० साली इथेच सुरू केली. दुकानांतला माल मोजून त्याचा खप काढण्याची पद्धत मी लहानपणी पाहिलेली आहे. मांडवीजवळ आमच्या काकांचे औषधांचे दुकान होते आणि तिथे असाच एक मोजणीदार येई. तो कपाटातल्या बाटल्या मोजी, खरेदीच्या पावत्या पाही आणि मागचा साठा अधिक खरेदी वजा आजचा साठा म्हणजे खप, असे गणित मांडी. काकांना तो काही विचारतच नसे. "तुमचे काय मत?" असे विचारले असते तर काकांनी तासभर भाषण दिले असते, आणि ते बहुतेक चुकीचे असते.

वस्तू वापरून पाहण्याचे काम मात्र वेगळे निघाले. ते मोबाईलवरून आलेच नाही. ओळखीतल्या एका फील्डवाल्या बेनने, म्हणजे संशोधन संस्थेसाठी घरोघरी माणसे जमवणाऱ्या बाईने, मला गाठले. त्यांनी धुण्याच्या पावडरीच्या दोन पांढऱ्या पुड्या आणून दिल्या. पुड्यांवर नाव नाही, रंग नाही, चित्र नाही. एकीवर ४१७ आणि दुसरीवर ८६२ असे छापलेले. १ आणि २ किंवा अ आणि ब असे लिहिले तर माणूस पहिल्याला नकळत वरचढ समजतो, म्हणून असे तीन आकडी अंक घालतात. एक आठवडा एक पावडर, दुसरा आठवडा दुसरी, आणि तेवढ्यात घरात दुसरी कोणतीही पावडर वापरायची नाही. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते आणि ते जड आहे, साबणाला फेस धरत नाही. ४१७ ने फेस भरपूर केला, पण यजमानांच्या बनियनवर वाळल्यावर पांढुरकी पूड राहिली. ८६२ ला फेस बेताचा, मात्र कॉलरीवरची रेघ निघाली. चौथ्या दिवसापासून मी कॉलर खिडकीच्या उजेडात धरून पाहू लागले, इतकी वर्षे धुणे धुऊन कधी पाहिली नव्हती तशी. बेन दोनदा अर्धा-अर्धा तास येऊन बसल्या, प्रत्येक गोष्टीला १ ते ९ मध्ये गुण द्यायला लावले. ही नऊ गुणांची मोजपट्टी मुळात अमेरिकी लष्कराच्या जेवणाची पसंती अजमावण्यासाठी बनवली गेली होती, हे मला मुलाने सांगितले. या कामाचे पाचशे रुपयांचे व्हाउचर मिळाले. धुणे तर धुवायचेच होते. सगळे धरून जादा वेळ गेला तो दीड तास.

इथेही काळेबेरे आहेच. दुसऱ्या एका खेपेला वेगळ्याच बाई आल्या आणि म्हणाल्या, "काकी, साहेबांनी विचारले तर तुम्ही अमुक कंपनीचे तेल वापरता असे सांगा, आणि सहा महिन्यांत कुठल्या टेस्टला बसला नाहीत असेही सांगा." मी नाही म्हटले, त्या दुसऱ्या घरी गेल्या. त्या घरच्या बाईंना चारशे रुपये मिळाले. कोणाच्या तरी टेबलावर त्या उत्तरांचा आलेख झाला असेल.

फुकट वस्तूच्या नावाखाली चालणारा दुसरा प्रकार भाचेसुनेने मला दाखवला, तो तर मी करू नकोच म्हणून सांगितले. व्हॉट्सॲपच्या गटात दुवा येतो, वस्तू आपल्या पैशाने मागवायची, पाच तारे आणि चांगला अभिप्राय द्यायचा, अभिप्राय दिसू लागला की विक्रेता पैसे परत पाठवतो. तिचे ६९९ रुपये दीड महिना अडकले आणि मग गटच नाहीसा झाला. पैसे मिळाले असते तरी तो खोटा अभिप्रायच होता. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले ते असल्याच उद्योगांमुळे, आणि ॲमेझॉनने तर फुकट मालाच्या बदल्यात अभिप्राय लिहिण्यावर २०१६ मध्येच बंदी घातली होती. अपवाद ठेवला तो मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या योजनेचा.

टेलिग्रामवरच्या 'टास्क'विषयी थोडक्यातच लिहिते, कारण ते सर्वेक्षण नव्हेच. व्हिडिओ लाइक केल्याचे दीडशे रुपये पहिल्या दिवशी खरोखर खात्यात येतात, मग हजार भरून तेराशे घ्या, मग पाच हजार भरा, आणि मग तुमच्या हातून टास्क चुकला म्हणून आणखी भरा. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे अडतीस हजार असे गेले. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये असल्या शंभराहून अधिक संस्थळांना टाळे लावले, तरी निमंत्रणे येतच आहेत. पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. जिथे पैसे मिळण्याआधी पैसे भरावे लागतात, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागतात, तिथून तिथल्या तिथे बाहेर पडायचे, हे मी भाचेसुनेकडून तीनदा वदवून घेतले.

कराचाही प्रश्न तिने काढला होता. व्हाउचर हे उत्पन्नच असते आणि विवरणपत्र भरणाऱ्याने ते इतर उत्पन्नात दाखवायला हवे. समाजमाध्यमांवर धंदा म्हणून वस्तूंची परीक्षणे करणाऱ्यांना वस्तू ठेवून घेता आली, तर १ जुलै २०२२ पासून तिचे मूल्य लाभ म्हणून धरले जाऊ लागले आणि वर्षाला वीस हजारांच्या वर गेल्यास करकपात होऊ लागली. वस्तू परत केली तर तो लाभ धरत नाहीत. धुण्याच्या पावडरीच्या दोन पुड्यांना हे कलम लागू पडण्याची भीती नाही.

वही तिच्या हाती दिली तेव्हा तिने शेवटचे पान दोनदा वाचले. आता तिने गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स हे गूगलचे सर्व्हेचे ॲप तेवढे ठेवले आहे, कारण त्यात दोन-चारच प्रश्न असतात आणि मिळालेल्या शिलकीतून मुलाच्या बडबडगीतांचे ॲप घेता येते. अलीकडे कोणत्या दुकानात गेला होतात असे ते विचारते, याची तिला थोडी धास्ती वाटते, तेव्हा तिने ठिकाण कळवणे बंद केले आणि प्रश्न येण्याचे प्रमाणही घटले. बाकीची चार संस्थळे काढून टाकली. दुपारी मूल झोपले की ती शेजारच्या दोन मुलींना गणित शिकवते.

माझे दोन संस्थळांवरचे २१० रुपये अजून तिथेच आहेत आणि मी पुन्हा तिकडे फिरकलेले नाही. पावडरीच्या बेनचा मात्र परवा फोन आला. गुरुवारी रावपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये चहाची चाचणी आहे, चाळीस मिनिटांची. येण्यापूर्वी तासभर चहा घ्यायचा नाही, विडा खायचा नाही, अत्तर लावायचे नाही, आणि दोन कपांच्या मध्ये ते साधे पाणी आणि अळणी बिस्किट देतील. मी कोणता चहा पिते हे त्यांनी विचारले, ते मी जसे आहे तसे सांगितले, आणि त्यांनी नाव लिहून घेतले.