भुरीच्या दाढा

भुरी माझी सशीण. तिच्या तोंडात २८ दात आहेत आणि मला दिसतात चार. ओठ हलकेच वर केला की वरचे दोन आणि खालचे दोन पटाशीचे दात दिसतात. वरच्या दोघांच्या पाठीमागे आणखी दोन इवलेसे दात दडलेले असतात. त्या जादा जोडीमुळेच ससा उंदीर-खारींच्या गटात मोडत नाही. सुळे नसतातच, त्या जागी मोकळी फट असते. बाकीच्या २२ दाढा-उपदाढा गालांच्या आत, खोलवर. सशाचं तोंड मुळात थोडंसंच उघडतं, त्यामुळे घरच्या घरी कितीही बॅटरी मारली तरी त्या दिसत नाहीत. आणि भुरीचं दुखणं नेमकं तिथे आहे.

तिच्या आजाराबद्दल कुणाला सांगायला लागलं की समोरचा आधी तिचे पुढचे दात बघतो. ते छान आहेत, सरळ आहेत, एकमेकांवर नीट बसतात. "दात तर चांगले आहेत की हिचे!" ताईसुद्धा असंच म्हणाली होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं. पुढचे दात वाकडे वाढले तर ते कुणालाही कळतं. दाढांचं दुखणं मात्र सशाच्या जेवणावरूनच ओळखावं लागतं, आणि तेही तो किती खातो यापेक्षा काय आधी सोडतो यावरून.

भुरीने आधी सुकं गवत सोडलं. सोडलं म्हणजे गवताकडे पाठ फिरवली नाही. ती उत्साहाने यायची, एक काडी ओढायची, दोन-तीनदा चावायची आणि काडी तोंडातून खाली पडायची. मग दुसरी काडी. तिला भूक होती आणि ती जेवत नव्हती. पुढे जाड देठ राहायला लागले, मग पेलेट्स, म्हणजे सशांसाठी मिळणारं गोळ्यांचं कोरडं खाद्य. कोवळा पाला ती शेवटपर्यंत खात होती आणि इथेच बघणाऱ्याची समजूत चुकू शकते. पाला तिने फस्त केला की ताई म्हणायची, "अगं, खातेय ना ती, मग कशाला एवढी काळजी करतेस?" पण पाला दोनदा चिरडला की गिळता येतो. गवत दळावं लागतं. दळताना सशाचा खालचा जबडा आडवा फिरतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि दाढेला टोक आलं असेल तर ते प्रत्येक फेरीला जिभेवर किंवा गालावर घासतं. म्हणून दुखायला लागलं की पहिलं बाद होतं ते गवत.

टोक येतं कुठून? सशाच्या दातांची वाढ कधीच थांबत नाही. आपल्या दातासारखं त्याला बंद मूळ नसतं. तळाशी तो उघडा असतो आणि तिथून आयुष्यभर वर सरकत राहतो. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात, दाढा त्याहून सावकाश. वाढेल तेवढं झिजलं पाहिजे, आणि ते काम चिवट, धागेदार गवत चावूनच होतं. त्यात खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. आडवी हालचाल पुरेशी झाली नाही किंवा दाढा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत, तर कडेचा भाग झिजायचा राहतो आणि टोकदार होतो. खालच्या दाढांची टोकं जिभेकडे वळतात, वरच्यांची गालाकडे. भुरीचा चेहरा आखूड आणि गोल आहे, कान लोंबते. दिसायला ती फार गोड आहे, पण तेवढ्याशा जबड्यात सगळे दात बसवायचे म्हणजे दाटी होणारच. तिला पिल्लापासून भरपूर गवत मिळालं, तरीही हे झालं.

जेवणाच्या जोडीला दुसऱ्याही खुणा होत्या. हनुवटीखालची लव ओली राहायची, कारण गिळायला त्रास होत असल्याने लाळ बाहेर यायची. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी वरच्या दातांच्या तळाला लागूनच जाते, त्यामुळे तिथे दाब आला की पाणी डोळ्यातून बाहेर पडतं. लेंड्या लहान झाल्या, एकसारख्या राहिल्या नाहीत. ससे एक वेगळी, मऊ, घोसासारखी विष्ठा थेट पार्श्वभागाकडून तोंडात घेऊन परत खातात, त्यातून त्यांना जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. ती तशीच मागे चिकटलेली दिसू लागली. आणि दात खाण्याचा आवाज. कुरवाळताना भुरी दात अगदी हळू घासते, तो सुखाचा आवाज असतो. हा आवाज मोठा होता, करकरीत, आणि त्या वेळी ती अंग चोरून कोपऱ्यात बसलेली असायची. ससा शिकार होणारा प्राणी, दुखणं दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. एवढ्या खुणा दिसतात तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

डॉक्टरांनी आधी ती जागी असतानाच कानात बघायच्या यंत्राने तोंडात पाहिलं. खाली डावीकडे एक टोक दिसलं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की जाग्या सशाच्या तोंडात अर्धंमुर्धंच दिसतं, खरं काय ते भूल दिल्यावर कळेल, आणि डोक्याचे एक्स-रे काढल्याशिवाय हिरडीखाली काय चाललंय ते कुणीच सांगू शकणार नाही. हे त्यांचं बोलणं मला फार पटलं. सशावर उपचार करण्याचा सराव असलेला डॉक्टर कसा ओळखावा असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगते: जो नुसतं बघून "दाढा ठीक आहेत" म्हणत नाही, तो.

भूल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. कुत्र्या-मांजरांना भुलेआधी उपाशी ठेवतात. सशाला तसं ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होतच नाही, आणि रिकामं राहिलेलं आतडं मंदावण्याचा धोका मोठा असतो. म्हणून भुरीच्या पिंजऱ्यात तिचा नेहमीचा पाला आणि गवत ठेवूनच मी तिला नेलं. शुद्धीवर आल्यावर ओळखीच्या वासाचं अन्न समोर असावं, असंही डॉक्टर म्हणाले.

भुलेखाली कळलं ते असं: खालच्या डाव्या दोन दाढांची टोकं जिभेत रुतली होती आणि जिभेच्या कडेला व्रण पडला होता. दाढा फिरत्या बारीक यंत्राने घासून सपाट केल्या. यंत्राने हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. सशाचे दात कटरने किंवा नखं कापायच्या कात्रीने कापण्याचा सल्ला आजही कुठे कुठे दिला जातो. कृपा करून ते करू नका. दात उभा चिरतो, चीर खालपर्यंत जाते, तिथून जंतू शिरतात आणि गळू होतं. सशाचा पू घट्ट असतो, टूथपेस्टसारखा. तो वाहून जात नाही आणि औषधानेही सहज विरत नाही. जबड्यातलं गळू म्हणजे बहुतेक वेळा शस्त्रक्रिया.

त्यानंतरचे दिवस खरे कसोटीचे. टोकं गेली तरी व्रण असतो, दुखत असतं. वेदनाशामक औषध वेळच्या वेळी देणं ही अर्धी लढाई आहे, कारण दुखत असेल तर ससा खात नाही, आणि खाल्लं नाही तर आतडी थंडावतात, वायू धरतो, मग पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळ होण्याची वाट बघायची नसते. आणि घरात उरलेलं दुसऱ्या कुणाचं प्रतिजैविक तर कधीच द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

सिरिंजने भरवायला आम्ही दोघी बसतो. आई मांडीवर टॉवेल पसरते, भुरीला त्यात सैलसर गुंडाळते आणि तिच्या कपाळावर हात ठेवते. आईचा हात असला की भुरी धडपडत नाही. मी सिरिंज बाजूने आत घालते, सुळे नसलेली ती फट आहे ना, तिथून. पुढून घातली तर ती दातांवर आपटते. एका वेळी अर्धा-एक मिलिलिटरच, आणि ती चावून गिळेपर्यंत थांबायचं. मान वर करायची नाही, उताणं तर मुळीच झोपवायचं नाही, घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल. आजारी सशांसाठी मिळणारी तंतुमय भुकटी कोमट पाण्यात कालवते. ती नसेल तेव्हा तिच्याच पेलेट्स भिजवून, अगदी गुळगुळीत करून. पातळ झालं तर पोषण कमी पडतं, घट्ट झालं तर सिरिंज अडते आणि दाबलं की एकदम सगळं बाहेर येतं. म्हणून तोंड रुंद असलेली सिरिंज घ्यावी. झाल्यावर हनुवटी ओल्या कापडाने पुसून कोरडी करायची, नाहीतर कातडी लाल होते. भरवून झालं की ती थोडा वेळ माझ्याकडे पाठ करून बसते. मग परत येते आणि माझ्या पायाला नाक लावते.

ती बरी झाली का, असं लोक विचारतात. व्रण भरला, ती गवत खायला लागली. पण दाढा पुन्हा वाढतात आणि चावण्याची ढब एकदा बिघडली की टोकंही पुन्हा येतात. काही सशांना दर महिना-दीड महिन्याने घासावं लागतं, काहींचं बरेच महिने निभावतं. भुरीचं अंतर पहिल्यापेक्षा वाढलं आहे आणि त्याचं श्रेय मी गवताला देते. तिच्या आहारात आता ते ऐंशी टक्क्यांहून जास्त असतं, दोन-तीन प्रकारचं, काही मऊ, काही खरखरीत, घरभर ठिकठिकाणी. पेलेट्स चिमूटभर. चघळायला लाकडं देतो ती विरंगुळा म्हणून. ती पुढच्या दातांनी कुरतडली जातात, दाढांचा त्यांच्याशी संबंध येत नाही, म्हणून "लाकूड दे, दात झिजतील" या सल्ल्यावर मी विसंबत नाही.

वजन मी नियमित करते, नेहमी त्याच वेळी, आणि वहीत लिहिते. दोन किलोच्या सशाचे १०० ग्रॅम कमी होणं म्हणजे अंगाचा विसावा भाग गेला, पण दाट केसांमुळे डोळ्यांना ते मुळीच जाणवत नाही. वजन करून झालं की दोन्ही बोटं जबड्याच्या खालच्या कडेवरून फिरवते. कड गुळगुळीत लागायला हवी. दाढ वर झिजली नाही तर दाबाने ती तळाकडून हाडातही वाढत जाते आणि तिथे बोटांना खड्यासारखे टणक उंचवटे लागतात. भुरीला डावीकडे असा एक खडा आहे.

"अजून किती दिवस करणार आहेस हे?" ताईने विचारलं होतं, मायेनेच. आई आणि मी यावर नीट बोललो आहोत. भुरी गवत खाते आहे, पाय ताणून आडवी पडते आहे, संध्याकाळी उड्या मारते आहे, मला बघून धावत येते आहे, तोवर पुन्हा पुन्हा भूल देण्याला अर्थ आहे. तिने हे सगळं सोडलं, औषध चालू असूनही सोडलं, आणि दोन उपचारांमधले दिवस बरे होण्यातच संपायला लागले, तर तिला शांतपणे जाऊ द्यायचं. हे ठरवताना आई रडली, मीही रडले. पण ते चांगल्या दिवसात ठरवलं, हे मला योग्य वाटतं. वाईट रात्री माणसाला धड विचार करता येत नाही.

आता पुढच्या तपासणीला एक्स-रे पुन्हा काढायचा आहे. तो डावीकडचा खडा थोडा मोठा झाल्यासारखा माझ्या बोटांना वाटतो, आईला वाटत नाही. वजनाची वही बरोबर नेणार आहे. डॉक्टरांना विचारायचं पहिलं म्हणजे ती दाढ ठेवण्यात अर्थ आहे का. काढायची झाली तर तोंडातून निघेल की जबड्याला बाहेरून छेद द्यावा लागेल, आणि समोरची वरची दाढ मग कशावर झिजणार, की तिलाही आयुष्यभर घासावं लागेल.