आमची वाटचाल : पहाऱ्यावरची दांडी वाळूत कशी उतरली

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला गाळा आम्ही भाड्याने घेतला तो मेटल डिटेक्टर विकण्यासाठी नव्हे, तर दुरुस्त करण्यासाठी. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मॉल, मंगल कार्यालये, मंदिरे आणि मोठी गृहसंकुले यांच्या दारांत तपासणीच्या चौकटी उभ्या राहिल्या आणि रखवालदारांच्या हाती धातू तपासण्याच्या काळ्या दांड्या आल्या. पावसाळ्यात त्यांच्यात ओल शिरे, बॅटरीची टोके गंजत आणि दांडी एकदा फरशीवर आपटली की आतल्या कॉइलची तार तुटे. माझ्या मेहुण्याच्या हाती सोल्डरिंगची कला होती आणि माझ्या तोंडी गोड भाषा होती, एवढ्या भांडवलावर आम्ही वार्षिक देखभालीचे करार मिळवत गेलो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ते करार एकामागून एक थांबले. दारे पुन्हा उघडली तेव्हाही कोणाच्या अंगाजवळ दांडी नेण्याची सोय राहिली नव्हती. दुरुस्त करून ठेवलेल्या पन्नासेक दांड्या आमच्या फळीवर धूळ खात पडल्या.

त्याच हिवाळ्यात नौपाड्याहून एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ती थेट मेहुण्यापाशी गेली आणि म्हणाली, “काका, जमिनीतले पैसे शोधायचं मशीन आहे का तुमच्याकडे?” आमच्याकडे ते नव्हते. पण महिन्याभरात असेच आणखी चार-पाच पालक विचारून गेले आणि आम्ही फारसा विचार न करता एका पुरवठादाराकडून लहान मुलांसाठी म्हणून विकली जाणारी दोन डझन यंत्रे मागवली. रंग आकर्षक होते, वजन हलके होते आणि खोक्यावर हसणाऱ्या मुलांचे छायाचित्र होते. त्यांतील बहुतेक यंत्रे पंधरा दिवसांत परत आली. पुरवठादाराने पैसे परत करण्यास नकार दिला; यंत्रे “वाजत होती” एवढेच त्याचे म्हणणे होते. ते खरेही होते, कारण ती सतत वाजतच होती.

मेहुण्याने एक यंत्र उघडले, तेव्हा कारण लक्षात आले. अशा यंत्राची एक कॉइल जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युत प्रवाह, निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल टिपते. अडचण अशी, की मातीतील लोहद्रव्यही प्रतिसाद देते. कोकणातला जांभा लोहयुक्त आहे आणि किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते. ज्या यंत्रात जमिनीचा हा आवाज वजा करण्याची सोय, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, नसते किंवा कारखान्यातच एका ठरावीक मातीसाठी बसवलेली असते, त्याला किहीमच्या वाळूतला आणि रत्नागिरीच्या परसातला प्रत्येक फावडाभर भाग धातूच वाटतो. मूल दोन दुपारी खणून दमते आणि तिसऱ्या दिवशी यंत्र माळ्यावर जाते.

तेव्हापासून आम्ही गाळ्याच्या मागच्या अंगणात आंब्याच्या तीन रिकाम्या पेट्या ठेवल्या आहेत. एकीत गावाकडचा लाल जांभा, दुसरीत काळी वाळू आणि तिसरीत ठाण्याच्या बागेतली साधी माती आहे. पेट्या लाकडी बाकावर ठेवाव्या लागतात, कारण गाळ्याच्या फरशीत सळ्या आहेत आणि लोखंडी शटर तर दुरूनच बोंब ठोकते. येणाऱ्याने यंत्र आधी तिन्ही पेट्यांवरून फिरवावे आणि मगच किमतीचे बोलावे, असा आमचा आग्रह असतो. यामुळे काही विक्री हातची गेली, याची मला खंत नाही, मेहुण्याला आहे.

पालक पहिला प्रश्न हमखास खोलीचा विचारतात. “किती फूट खाली दाखवतं?” हा प्रश्न नवशिक्यासाठी जवळजवळ निरर्थक आहे. नाण्याएवढी वस्तू अशा यंत्राला साधारण वीतभर खोलीपर्यंतच नीट सापडते आणि मुलाच्या खुरप्याची मजलही तेवढीच असते. त्याऐवजी वजन पाहावे आणि वजनापेक्षाही ते कुठे आहे हे पाहावे. गॅरेट या कंपनीचे एस (ACE) २५० हे अनेक वर्षे नवशिक्यांचे यंत्र मानले गेले. त्याचे वजन सुमारे सव्वा किलो आहे. मोठ्या माणसाला ते काहीच नाही, पण आठ वर्षांच्या हाताच्या टोकाशी कॉइल लोंबकळू लागली की दहा मिनिटांत खांदा भरून येतो आणि कॉइल जमिनीपासून वर उचलली जाते. म्हणून दांडा पुरेसा आखूड होतो का, कोपराची पकड मुलाच्या हाताला बसते का आणि कॉइल लहान आहे का, हे आम्ही मुलाला उभे करूनच तपासतो. समुद्रकाठी जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. ओली खारट वाळू एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या यंत्राला भंडावून सोडते. तेथे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, कमी करून कोरड्या वाळूतच राहावे, किंवा मायनलॅब या कंपनीच्या व्हँक्विशसारखे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे यंत्र घ्यावे.

बहुतेक पालकांचा विचार असतो, की दोघांना दोन स्वस्त यंत्रे घ्यावीत. एकाच फ्रिक्वेन्सीची दोन यंत्रे शेजारी आली की ती एकमेकांना ओरडायला लावतात, आणि एकत्र हिंडण्याऐवजी बाप एका टोकाला व मूल दुसऱ्या टोकाला जाते. येथेच आमच्या फळीवरच्या दांड्यांचे नशीब उघडले. एक चांगले यंत्र आणि सोबत एक जुनी तपासणीची दांडी, अशी जोडी आम्ही देऊ लागलो. एकाने यंत्र फिरवायचे, दुसऱ्याने खणायचे आणि दांडीने पाहायचे, की वस्तू अजून खड्ड्यात आहे की बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगात. त्यासाठी मुद्दाम बनवलेले पिनपॉइंटर मिळतात आणि ते अधिक अचूकही असतात. पण दांडी हलकी आहे, स्वस्त आहे आणि रखवालदाराचे अस्त्र हाती आल्याचा मुलांना वेगळाच आनंद होतो.

डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको असलेला धातू गाळण्याचा, प्रश्न आपल्याकडे जरा विचित्र आहे. परदेशी यंत्रांवरच्या खुणा तिकडच्या नाण्यांसाठी आखलेल्या असतात. आपले आजचे एक आणि दोन रुपयांचे नाणे फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे आहे. त्यात सुमारे ८३ टक्के लोखंड असते आणि ते चुंबकाला चिकटते. यंत्र ‘नाणी’ या पर्यायावर ठेवून लोखंड गाळले, तर अनेकदा रुपयाही खिळ्यांबरोबर गाळला जातो. म्हणून पहिले काही दिवस काहीही न गाळता सगळेच ऐकावे, असे आम्ही सांगतो. बाटलीची बुचे निघतील, निघू द्यावीत.

काही गिऱ्हाइकांना आम्ही परत पाठवतो. गुप्तधनासाठी येणारे असतात, आणि ‘शंभर मीटरवरून सोने दाखवणारे’ अँटेनाचे यंत्र मागणारेही असतात. असे यंत्र नसतेच. बॉम्बशोधक म्हणून पोकळ अँटेना विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली, हे मी त्यांना ऐकवतो, पटते क्वचितच. छंदासाठी येणाऱ्या कुटुंबांना मात्र दोन कायदे समजावून सांगतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आणि वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात यंत्र नेऊन खणणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे. स्वतःचे परस, नातेवाइकांची वाडी आणि सुट्टीतली कोरडी वाळू नवशिक्यांना पुरेशी आहे.

नौपाड्याची ती मुलगी गेल्या दिवाळीनंतर पुन्हा आली. वडिलांच्या हाती यंत्र होते आणि तिच्याकडे बिस्किटांचा डबा. डब्यात गंजके खिळे, बुचे, एक घुंगरू आणि कंगोरेदार काठाचे दहा पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे निघाले. असे नाणे तिने पूर्वी पाहिलेलेच नव्हते. मेहुण्याने चुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही. तिने वही उघडली, नाणे जांभ्याच्या पेटीवर ठेवले, यंत्र त्यावरून दोनदा फिरवले आणि पडद्यावरचा, वस्तूगणिक बदलणारा आकडा लिहून घेतला. त्या पानावर आधीच एक, दोन, पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचे आकडे होते, तीन-तीन वेळा तपासून लिहिलेले. त्या यंत्राच्या प्रत्येक खोक्यात आम्ही आता त्या पानाची छायाप्रत घालतो. अक्षर तिचेच आहे, आणि ‘दहा पैसे’ पुढचे उद्गारचिन्हही.