हरिकेनच्या पाठीवरील काड्या

पिळलेल्या रबरावर उडणारी छोटी मॉडेल विमाने बांधण्याचा मला छंद आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या सामूहिक उड्डाणाच्या स्पर्धेसाठी कोणते मॉडेल बांधावे, असे विचारले की या छंदातील जुनी मंडळी बहुधा जपानी कावासाकी हिएनचे नाव घेतात, कारण लांब नाक आणि लांब, निमुळते पंख यांमुळे ते रबराच्या शक्तीवर फार चांगले उडते. मी मात्र हॉकर हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान निवडले. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनने हीच विमाने उडवली होती. ही हकीकत मी पुण्यात एनसीसीच्या हवाई शाखेत असताना प्रथम ऐकली आणि बाल्सा हे मॉडेलसाठीचे हलके लाकूडही तिथेच पहिल्यांदा हातात घेतले.

दुसरे कारण बांधणीचे आहे आणि माझ्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. खऱ्या हरिकेनच्या धडाचा मागचा भाग पत्र्याने मढवलेला नव्हता. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर धडाला आकार देणारे लाकडी आडवे साचे म्हणजे फॉर्मर आणि लांब पट्ट्या, वर ताणलेले कापड आणि ते घट्ट बसावे म्हणून दिलेले डोप या रोगणाचे हात, अशी ती रचना होती, आणि म्हणूनच जुन्या छायाचित्रांत त्याच्या पाठीवर उभारलेल्या रेघा स्पष्ट दिसतात. माझ्या टेबलावरही तेच घडते. बाल्साचे फॉर्मर, त्यांच्या खाचांत बसवलेल्या दीड मिलिमीटर जाडीच्या काड्या, वर जपानी टिश्यू हा अगदी पातळ कागद, त्यावर पाण्याचा हलका फवारा आणि कागद वाळून ताणला गेला की पातळ केलेले डोप. पत्र्याच्या विमानाच्या मॉडेलवर दिसणाऱ्या काड्या हा नाइलाज असतो. हरिकेनवर त्या खऱ्या विमानाशी इमान राखतात.

खऱ्या विमानाच्या पंखांची लांबी ४० फूट होती. १:२४ या प्रमाणात ती २० इंच होते. एवढ्या मॉडेलमध्ये प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. इक्वेडोरहून येणारे बाल्सा दिसायला सारखे असले, तरी एकाच मापाच्या दोन पट्ट्यांपैकी एक दुसरीच्या दुप्पट वजनाची निघू शकते. त्यामुळे मी प्रत्येक पट्टी काट्यावर ठेवून तिच्यावर पेन्सिलीने वजन लिहितो. कडक लाकूड काड्यांसाठी वापरतो आणि सर्वांत हलके शेपटीसाठी राखून ठेवतो. हरिकेनचे नाक आखूड असल्यामुळे शेपटीत वाढलेला १ ग्रॅम तोलण्यासाठी नाकात सुमारे ३ ग्रॅम माती भरावी लागते. रंगाचे वजन टाळण्यासाठी हिरवा आणि तपकिरी टिश्यूच वापरला. हवाई दलाच्या गोल खुणाही टिश्यूच्याच कापल्या, आणि त्यांत लाल रंग ठेवला नाही, कारण जपानी विमानांच्या लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढून टाकलेला होता.

स्पर्धा न्यूयॉर्क राज्यातील जेनेसिओच्या गवती मैदानावर झाली. नॉर्मंडीत छत्रीधारी सैनिक उतरवणारे एक सी-४७ वाहतूक विमान तिथल्याच संग्रहालयात आहे. सामूहिक उड्डाणात सर्व स्पर्धक आपापल्या मॉडेलच्या रबराला पीळ देऊन रांगेत उभे राहतात, आकडे मोजून झाले की सर्वांनी एकाच वेळी विमाने सोडायची आणि लवकर उतरणारी विमाने फेरीगणिक बाद होत जातात. एकदा हातातून सुटल्यावर विमानावर कोणाचाही ताबा नसतो. सगळे आधीच ठरलेले असते: प्रॉपेलरचा आस किती खाली आणि किती उजवीकडे झुकवला आहे, पंखाला किती पीळ आहे, सुकाणू किती वळवले आहे.

त्या सकाळी हवा दमट होती. टिश्यू सैल पडला, डाव्या पंखाची मागची कड वर गेली आणि चाचणीच्या उड्डाणातच हरिकेन डावीकडे गिरक्या घेत खाली आले. सुरुवातीच्या जोरात रबराचा उलटा झोक विमानाला डावीकडेच लोळवतो, म्हणून तो पंख थोडा अधिक उचलणाराच हवा. शेजारच्या एका वयस्क स्पर्धकाने काही न विचारता आपली छोटी शेगडी आणि किटली पुढे केली. वाफेवर पंख धरायचा, बोटांनी हळूच उलटा पीळ द्यायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. मी मनात साठ मोजले. कागद पुन्हा ताणला गेल्याचा तो बारीक आवाज अजून कानात आहे.

पहिल्या फेरीसाठी रबर चौपट ताणून वाइंडर, म्हणजे पीळ देण्याचे हातयंत्र, फिरवत असताना हजाराच्या आसपास पिळाला ते तुटले, पण धडात घातलेल्या नळीमुळे एकही काडी मोडली नाही. दुसरे रबर जेमतेम वेळेत चढले. हरिकेन उजवीकडे मोठी वर्तुळे घेत वर गेले, पीळ संपल्यावरही गवतावरून उठलेल्या उबदार हवेत काही क्षण तरंगत राहिले आणि आम्ही दुसऱ्या फेरीत पोहोचलो. तिथे ते हिएनच्या आधी उतरले आणि बाद झाले.

शेपटीचा सांगाडा आता नव्याने बांधायला घेतला आहे. त्यासाठीच्या पट्ट्या वजन करून बाजूला काढल्या आहेत. सर्वांत हलकीवर २.१ असा आकडा आहे.