सोल्डरिंग स्टेशनची वॉरंटी आणि हँडलची वायर : माझा अनुभव

मी ॲम्प्लिफायर आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. २५ वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्नने लहान जोड चांगले लागतात. पण सर्किट बोर्डावरच्या रुंद तांब्याच्या पट्टीला एखाद्या भागाचा जाड पाय जोडायचा आला की बिटची, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकाची, उष्णता पट्टीत पसरते आणि सोल्डर (जोडासाठी वितळवायचा मिश्रधातू) नीट न धरता नुसता गोळा होऊन बसतो. म्हणून तापमान ठरवता येणारे स्टेशन, म्हणजे नियंत्रक पेटी आणि तिला वायरने जोडलेले हँडल, घेतले. पुण्याच्या तापकीर गल्लीतली खरेदी सुरळीत झाली. खरा त्रास वॉरंटीच्या काळात झाला.

हँडल सरळ धरले की बिट तापे, मनगट वळवले की हीटरचा दिवा विझे आणि बिट थंड पडे. माहितीपत्रकानुसार थंड अवस्थेत हीटरचा रोध २.५ ते ३.५ ओहम आणि बिटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा ४३ ते ५८ ओहम हवा. मल्टिमीटर लावून हँडलच्या मानेजवळ वायर वाकवली, तेव्हा सेन्सरचे रीडिंग मधूनच नाहीसे होत होते. सेन्सरचा रोध तापमानाबरोबर वाढतो; त्यामुळे वायर तुटली की स्टेशनला बिट अतिशय तापल्यासारखे वाटते आणि ते हीटर बंद करते. दोष इतका स्पष्ट होता.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मात्र हँडल स्टँडमध्ये ठेवून स्विच चालू केला गेला, बिट तापले आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून स्टेशन परत मिळाले. “साहेब, वायर वाकवून बघा” असे मी म्हणालो, तर “गरम होतंय ना?” हेच उत्तर. पुढच्या वेळी बिट काळे पडले आहे, म्हणजे वापर चुकीचा आहे, असे सांगण्यात आले. बिट झिजणारी वस्तू आहे आणि तिला वॉरंटी नसते, हे मला मान्य आहे. पण बिटवरच्या ऑक्साइडचा आणि हँडलमधल्या तुटलेल्या वायरचा काडीचाही संबंध नाही. ज्या काउंटरवर साधा मीटर ठेवत नाहीत, त्याने ग्राहकाच्या वापराला नावे ठेवावीत, याचा मला आजही राग येतो. अखेर दोष कोणत्या स्थितीत दिसतो ते दोन्ही रीडिंगसह अर्जावर लिहिले, पोच मागितली आणि तंत्रज्ञासमोर हँडलच्या कनेक्टरच्या पिनांना मीटरचे प्रोब लावून वायर वाकवली. आकडा उडालेला पाहिल्यावर हँडल बदलून मिळाले. तेव्हा तोंडी तक्रार करू नका, लिहूनच द्या.

बिटचे सांगायचे राहिले. त्याला कानस किंवा सँडपेपर कधीही लावू नये. वरचा लोखंडी थर गेला की आतले तांबे सोल्डरमधल्या कथिलात विरघळून खड्डा पडतो. पितळी जाळीत पुसावे आणि बंद करण्यापूर्वी टोकावर ताजे सोल्डर चढवून ठेवावे. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथिल, ४० टक्के शिसे) १९० अंश सेल्सियसपर्यंत पूर्ण वितळते, त्यामुळे मला ३२० ते ३५० अंश पुरतात. जाड जोडाला तापमान वाढवण्याऐवजी चपट्या छिन्नीसारखे बिट लावावे, कारण उष्णता टेकलेल्या जागेतून जाते आणि अणकुचीदार टोक फारच थोडे टेकते.

खरेदी करताना वॅटच्या आधी त्या मॉडेलचे हँडल, हीटर आणि बिट दुकानात सुटे मिळतात का, हे विचारावे. प्लग तीन पिनांचाच असावा. प्लग काढून बिट आणि अर्थ पिन यांच्यात मीटर लावून जोड तपासावा, नाहीतर गळतीच्या व्होल्टेजने मॉस्फेट (एक नाजूक प्रकारचा ट्रान्झिस्टर) जाण्याची भीती असते.